उजवीकडची सीट

४ जून

मेहुणेबुवा,

फोनवर तू ‘हो हो, बघतो दाजी’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राचं तसं नाही. ते अर्धवट वाचून बाजूला टाकलंस तरी टेबलावर पडल्या पडल्या तुझ्याकडे बघत राहतं. म्हणून या वयात हाताने लिहायला घेतलंय. अक्षर लागलं नाही तर शिवण उसवतो तसं एका टोकाने सावकाश ये.

विषय असा की पानगळीच्या दिवसांत आम्ही तिकडे येतोय. मी, तुझी ताई आणि तुझी भाची. भाचीला हल्ली मी मॅडम म्हणतो, कारण तिला विचारल्याशिवाय आमच्या घरातला फ्रीजसुद्धा जागचा हलत नाही. मॅडमने कॉम्प्युटरवर रंगीबेरंगी आराखडा केलाय. आधी दोन शहरं, मग तळी आणि जंगल, मग डोंगर, आणि शेवटी तुझ्या घरी मुक्काम. तिकडे म्हणे त्या दिवसांत सगळं जंगल लाल होतं. मी म्हटलं, आयुष्यभर लाल रेक्झिनच शिवत आलो, आता झाडांनी काय केलंय तेही बघू.

सगळा प्रवास गाडीने, आणि गाडी तू चालवायचीस.

आता तू हे वाचून खिडकीशी जाऊन उभा राहिला असशील. गेलास तर परत ये, पुढे वाच. त्या वळणावरच्या अपघातानंतर तुझी ताई गाडीत बसलेली नाही, हे तू मला सांगायला नको, मी तिच्याच घरात राहतो. बसने जाते, ट्रेनने जाते, पायी तर वाटेल तेवढी जाते. गाडीचं दार उघडून धरलं की ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलेच’ म्हणते, आणि खरोखर येते, घामाघूम होऊन. दवाखाने झाले, समजावणं झालं. मीही विषय सोडून दिला होता.

पण ही कल्पना तिची आहे. मॅडम जेवताना ट्रेनचा आराखडा वाचून दाखवत होती. ताई भाजी वाढता वाढता म्हणाली, “ट्रेनमधून जंगल पळत जातं. गाडीच बरी. आणि चालवायला तो आहे ना तिकडे.” एवढं बोलून तिने मला न मागता आणखी भाजी वाढली. मी घास चावायचा थांबलो होतो. इतक्या वर्षांत ‘तो’ आणि ‘गाडी’ हे दोन शब्द तिच्या तोंडून एका वाक्यात आले नव्हते.

बोलली खरी. जमेल का, ते तिलाही ठाऊक नाही. पण जमायचं असेल तर ते तुझ्याच गाडीत जमेल, असं मला वाटतं. तू कळव.

तुझा,
फोन ठेवल्यावरही बोलत राहणारा दाजी

२७ जून

मेहुणेबुवा,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी, पण ट्रेनचं वेळापत्रक सोबत चांगलं पानभर. छान आहे वेळापत्रक. तुमच्याकडच्या ट्रेन वेळेवर येतात याचं कौतुक वाटलं. आमच्या शिलाईमास्तरांनाही दाखवलं. ते म्हणाले, मालक, बसण्याच्या जागेबद्दल यात काही लिहिलेलं नाही. ते पहिल्यापासून माझ्याकडे सीट शिवतात, त्यांना जगात दुसरं काही दिसत नाही.

तर कामाचा जोर आहे, त्या दिवसांत सुटी मिळणं कठीण आहे, ट्रेन उत्तम आहेत. हे सगळं मी वाचलं. पण चौथ्या ओळीत तू लिहिलंस की ‘ताईला माझ्या गाडीत बसायला बरं वाटणार नाही.’ गाडीत बसायला, असं लिहिलं असतंस तर मी गप्प बसलो असतो. तू ‘माझ्या’ लिहिलंस.

अरे, ती कुणाच्याच गाडीत बसत नाही. माझ्या बसत नाही, जावयाच्या बसणार नाही, उद्या विमानतळावरून मंत्री न्यायला आला तरी बसणार नाही. तू एकटा स्वतःला कशाला एवढा मान देतोस?

यावरून एक शंका आली म्हणून रात्रभर न थांबता लगेच विचारतो. तू तिकडे जायला निघालास त्या दिवशी ताई विमानतळावर आली होती, हे तुला माहीत आहे ना?

माहीत नसेल तर ऐक. आम्ही सगळे तुझ्याबरोबर गाडीने निघालो, आणि ती मागून बसने निघाली. दोन बस बदलायच्या होत्या, पहिलीच उशिरा आली. ती दारात पोहोचली तेव्हा तू तपासणीच्या पलीकडे गेला होतास. हातात डबा होता. तिथल्या शिपायाने तिला काचेपर्यंत जाऊ दिलं, पण तू पाठमोरा होतास आणि कानात ते गाण्याचं घातलेलं. तिने काचेवर थापट्या मारल्या. शेवटी तो डबा आम्ही बाहेरच्या बाकावर बसून खाल्ला. ती म्हणाली, लांबूनच दिसला, जाड झालाय.

मला वाटलं, हे तिने तुला फोनवर सांगितलं असेल. हे लिहिता लिहिता आत्ताच तिला विचारलं, तर ती म्हणते, मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल.  बोलण्यात हार न जाणारं आमचं घर, आणि नेमकी ही एक गोष्ट कुणीच बोललं नाही.

आता गाडीचं सांग. वेळापत्रक परत पाठवू नकोस.

दाजी

१९ जुलै

मेहुणेबुवा,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. गिऱ्हाईक एखाद्या सीटवर बसून काहीच न बोलता उठलं, की आम्ही समजतो, घरी जाऊन विचार करणार.

इकडची प्रगती सांगतो. कारखान्यात मागच्या खोलीत आम्ही गाडी बांधली आहे. हसू नकोस. लाकडी चौकट केली, त्यावर दोन सीट पुढे, एक लांब सीट मागे. दारं भंगारवाल्याकडून आणली, दोन्ही बाजूंना बिजागरीवर लावली. स्टिअरिंग एका जुन्या बसचं आहे, त्यामुळे मी बसलो की परातीत हात धुतोय असा दिसतो. समोर मॅडमने टीव्ही ठेवला आणि त्यावर तुमच्याकडच्या रस्त्यांचे व्हिडिओ लावते. कारखाना सुटल्यावर आम्ही तिघं त्यात बसून फिरायला जातो. काल तळ्यापर्यंत पोहोचलो. मास्तर जाता जाता दाराशी थांबतात आणि विचारतात, मालक, पेट्रोल कुठे भरता?

माझी पद्धत तुला माहीत आहे. फुटपाथवर स्कूटरच्या सीट शिवत होतो तेव्हापासून एकच पद्धत. गिऱ्हाईकाला सीटवर बसवायचं, चहा पाजायचा, आणि कान देऊन ऐकायचं. गादी बरोबर जमली की माणूस बसल्यावर थोड्या वेळाने श्वास सोडतो. त्याला स्वतःला कळत नाही, पण मला ऐकू येतो. तो येईपर्यंत मी सीट देत नाही, गिऱ्हाईक कितीही ‘मस्त आहे, मस्त आहे’ म्हणालं तरी.

ताई माझ्या डावीकडे बसते. पहिल्या दिवशी दार उघडं ठेवून बसली, एक पाय बाहेर. चौथ्या-पाचव्या दिवशी पाय आत घेतला. या आठवड्यात दार लावून बसते. मॅडम मागून टाळ्या वाजवते, मास्तर चहा आणतात, सगळं झकास चाललंय. ताई म्हणते, मस्त आहे.

श्वास मात्र सुटत नाही. मी कान देऊन बसतो. ती बोलते, हसते, व्हिडिओतल्या हरणाला ‘अय्या’ म्हणते, पण खाली बसताना घेतलेला श्वास उठेपर्यंत तसाच. हात दाराच्या कडीवर. मी तिला काही म्हणत नाही. फोम बदलून बघितला, पाठ जराशी मागे कलती केली. खरं सांगायचं तर दोष फोमचा नाही हे मला कळतं, पण मला फोमच बदलता येतो.

दोघी म्हणतात मी उगाच काळजी करतो. तिकिटं काढून झाली आहेत. मॅडमने आमच्या या गाडीचा फोटो तुला पाठवते म्हणून सांगितलंय. बघून घे आणि गाडी कोणती घ्यायची ते ठरव. सीट कशी आहे ते आधी बघ, बाकी इंजिन वगैरे तुझं तू बघ.

दाजी

८ ऑगस्ट

मेहुणेबुवा,

फोटो बघून तू मॅडमला जो निरोप पाठवलास, तो तिने मला मोठ्याने वाचून दाखवला. मग ताईला. मग मास्तरांनी मागितला म्हणून त्यांनाही. आता तो कारखान्यात सगळ्यांना पाठ झालाय. “दाजी, आयुष्यभर गाड्यांच्या सीट विकल्यात तुम्ही. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो.”

खाली हसणारे चेहरे किती लावलेस ते मॅडमने मोजले. मला राग आला नाही. तू आमच्यावर हसलास, ही बातमी मोठी होती.

आणि आम्ही काय माणसं आहोत बघ. रोज टीव्हीवर समोरच्या गाड्या डाव्या बाजूने येत होत्या. आम्ही तिघं कौतुकाने बघत होतो. ताई एकदा म्हणाली सुद्धा, किती शिस्तीत येतात सगळ्या. मी परातीएवढं स्टिअरिंग उजवीकडे धरून बसलेलो. मास्तर म्हणाले, मला वाटलं होतं, पण म्हटलं मालकांनी काहीतरी विचार केला असेल. मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी असं वाटलं की लगेच बोला, मालकांनी विचार केलेला नसतो.

लगेच स्टिअरिंग काढून डावीकडे बसवलं. मी तिकडे गेलो, ताई उजवीकडे. मॅडमने तोच तळ्याचा रस्ता लावला. आणि मेहुणेबुवा, आता नीट वाच. टीव्हीवर पहिलं वळण आलं, गेलं. पूल गेला. मी कान दिला तर शेजारून काही बोलणंच नाही. वळून बघितलं तर तुझी ताई मान एका बाजूला टाकून झोपली होती. तोंड किंचित उघडं. हात मांडीवर.

मॅडम काहीतरी बोलणार होती, मी तिला दटावलं. टीव्हीचा आवाज बंद केला. बराच वेळ आम्ही दोघं तसेच बसलो, गाडी न हलवता. मास्तर चहा घेऊन आले, बघितलं, आणि परत गेले.

जागी झाल्यावर ती जरा ओशाळली. मग स्वतःहून बोलली. मी काही विचारलं नव्हतं. “त्या बाजूला बसलं की दार आत येतंय असं वाटतं. या बाजूला दार दारासारखंच आहे.”

अरे, मी केवढा शहाणा. त्या दिवशी तू चालवत होतास आणि ती डावीकडेच होती ना, तुझ्या शेजारी. तिकडचंच दार झाडावर दाबलं गेलं होतं. आणि मी रोज तिला बरोब्बर त्याच जागी बसवून वर चहा पाजत होतो. तिला वाटत होतं, सवय करायची तर इथेच करायला हवी. मला वाटत होतं, फोम कमी पडतोय.

मग चहा पिताना ती त्या दिवसाबद्दल आणखी बोलली, पहिल्यांदाच. दार कापायला माणसं येईपर्यंत तू फुटलेल्या काचेतून तिचा हात धरून उभा होतास. तिला म्हणे आणखी काही धड आठवत नाही, तुझा हात आठवतो. घामाने निसटत होता आणि तू सारखी पकड बदलत होतास. “मी त्याला म्हणत होते, हात पुस की आधी,” असं म्हणून हसली.

तुला हे लिहू का, असं मी तिला विचारलं नाही. म्हणून लिहितोय.

दाजी

२ सप्टेंबर

मेहुणेबुवा,

तुझा रस्त्याचा नकाशा पोहोचला. मॅडमचा आराखडा आता भिंतीवरून उतरवलाय, तिथे तुझा लावलाय. ती थोडी फुरंगटली, पण मामाचा आहे म्हणून चालवून घेतलं.

मी चष्मा लावून सगळा वाचला. शहरातून सकाळी लवकर निघा, नाहीतर पुलावर अडकतो. तळ्याच्या अलीकडे दुकान आहे, तिथलं स्वच्छतागृह चांगलं, पुढचं नको. जंगलाच्या शेवटी रस्त्याचं काम चाललंय. लाल छपराच्या कोठारानंतर संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं, ताईला गॉगल आणायला सांगा.

कामाचा एवढा जोर असलेल्या माणसाला कोठारानंतरचं ऊन कसं काय ठाऊक, असं मला वाटलं. मग लक्षात आलं. तू सगळा रस्ता चालवून आलायस. एकटा. मी तुला काही म्हणत नाही, फक्त तुला कळावं की आम्हाला कळलंय.

पण घोटाळा झालाय. नकाशा ताईने हातात घेतला, बोट ठेवून शहरापासून तुझ्या दारापर्यंत गेली, आणि म्हणाली, “डोंगर कुठाय?”

खरंच नव्हता. तू डोंगराला पूर्ण वळसा घातलायस. मॅडमने हिशेब करून सांगितलं की अख्खा दिवस जादा जातो, सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं. मी म्हटलं, चांगलाय की, शेतं बघू, आराम पडेल. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी नकाशाची घडी घालायला लागलो.

तिने माझा फोन उचलला आणि तुला लावला. बाल्कनीत गेली. दार ओढून घेतलं, पण आमचं ते दार पूर्ण लागत नाही, हा माझा दोष नाही. तुझं बोलणं ऐकू आलं नाही. तिचं आलं. थंडी किती असते. कोट इथून घेऊ की तिकडे. तू जेवतोस काय. मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, “मला घाट बघायचाय. तू चालवायचास. भीती वाटली तर मी सांगेन, पण तू माझ्यासाठी आधीच घाबरून बसू नकोस.”

पुढे काय बोललास ते तुझं तुला माहीत. आत आली तेव्हा फोन माझ्या हातात देत म्हणाली, नाक ओढत होता, सर्दी झालीय त्याला. तिचेही डोळे लाल होते. मी म्हटलं, ऋतूच तसा आहे. ती म्हणाली, कुठला ऋतू, गप्प बसा.

तर नवीन नकाशा पाठव. डोंगर घालून.

दाजी

१३ ऑक्टोबर, डोंगराखालची सराई

मेहुणेबुवा,

आता एकाच सराईत आहोत तरी लिहितोय. सवय झालीय, आणि हाताला काहीतरी काम हवंय. तुम्ही दोघं परत येईपर्यंत मी या खिडकीशी बसणार आहे. बाहेर सगळं पिवळं-लाल झालंय, इतकं की रंग आवरा असं कुणीतरी सांगायला हवं होतं. पण माझं लक्ष तिकडे नाही.

काल तू काय केलंस ते आधी लिहून ठेवतो. शहरांत छान होतं. जंगलातही. ताई उजवीकडे बसली, कडी धरली नाही, तुझ्याबरोबर रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत बसली. तूच ताठ. तुझी पाठ सीटला एकदाही टेकली नाही, मी मागून बघत होतो. सीट चांगली होती रे. आणि घाटाच्या पायथ्याशी पाटी आली तेव्हा तू गाडी सराईकडे वळवलीस. म्हणालास, उशीर झालाय, धुकं असेल. धुकं नव्हतं. ताई म्हणाली, बरं, उद्या बघू. जेवताना तू म्हणालास की खालच्या रस्त्यानेही डोंगर छान दिसतो.  मॅडमने सुपाचं कौतुक केलं. मला वाटलं, एवढं करून इथे अडकलो. ताईचं जमलं आणि तुझं राहिलं. इतके दिवस मी चुकीच्या माणसाच्या श्वासाकडे कान देऊन होतो.

आज उजाडता उजाडता ताई उठली. मी जागाच होतो, पण डोळे मिटून घेतले. तिने कोट घातला, बूट हातात घेतले आणि बाहेर गेली. तुझ्या दारावर दोन बोटांनी टकटक. लहानपणी शाळेत जाताना तुला उठवायची तशीच असणार, कारण तू दार न उघडताच आतून ‘पाच मिनिटं’ म्हणालास. ती म्हणाली, “पाच नाही, आत्ता. मी गाडीत जाऊन बसतेय.”

गाडीचं दार लागलं. एकच. मग कितीतरी वेळ काही नाही. मला वाटलं तू येत नाहीस. मग दुसरं दार लागलं.

इंजिन सुरू झालं, अंगणातल्या खड्यांवरून गाडी गेली, पाटीपाशी थांबली. मी उशीवरून मान उचलली. डावीकडे वळली तर शेतं, उजवीकडे वळली तर घाट. आवाजावरून कळलं, उजवीकडे गेली. मग गिअर बदलल्याचा आवाज, मग पुन्हा. चढ लागला होता. आवाज बारीक होत गेला, एकदा वळणामागे गेला आणि पुन्हा आला, मग डोंगराने घेतला. मी उठून बसलो. मॅडम अजून झोपलेली आहे. तिला उठवलं नाही. माझी काळजी मला पुरते.

तुम्ही वर काय बोललात ते मला कधी कळणार नाही, आणि विचारणारही नाही. माझे कान एवढे लांब नाहीत. काही बोललाच नसाल तरी हरकत नाही. दोन माणसं एका गाडीत वर गेली आणि खाली आली, एवढं मला पुष्कळ आहे.

थांब. खडे वाजले.

तुम्ही आलात. काचा खाली आहेत, या थंडीत. दारं अजून उघडली नाहीत आणि ताईचा आवाज इथपर्यंत येतोय. म्हणतेय, एवढं सावकाश चालवतात का, मागे गाड्यांची रांग लागली होती, लोक काय म्हणत असतील. तू म्हणतोयस, तूच सांगितलंस हळू घे. ती म्हणतेय, मी सांगेन, तुला अक्कल नको? तू म्हणतोयस, उद्या तूच चालव मग. ती म्हणतेय, चालवीन, तुझ्यापेक्षा बरी चालवीन, आणि तो कोट काढ, भिजलाय पाठीकडून पूर्ण.

वर्षानुवर्षं ती तुझ्याशी फोनवर ‘बरा आहेस ना, काळजी घे’ असं परक्या घरच्या पाहुण्यासारखी बोलत होती. आता सुरू झालीय, आणि थांबायची चिन्हं नाहीत. मॅडम जागी झाली, विचारतेय काय झालं, भांडतायत का? मी म्हटलं, हो, झोप तू निवांत.

हे पत्र मी तुला देणार नाही. घडी करून कोटाच्या खिशात ठेवतोय. आता तू खालून हाक मारतोयस, दाजी, उठा, चहा गार होतोय. अंथरुणात शिरून जरा घोरतो, आणि मग दोन हाका ऐकून उठतो.